प्रवचन चालू, गाड्या बंद

झोरिया, सस्कॅचेवान
२ नोव्हेंबर १९७८

ती. स्टेफानिया वन्संना,
डोकियाचा सप्रेम नमस्कार.

प्रभूच्या कृपेने आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुम्हीही असालच. व्हिक्टोरियात नोव्हेंबरातसुद्धा गुलाब फुलतात म्हणे, मग आजारी पडायला कारण तरी काय?

फोनच करणार होते, पण आमच्या सामाईक लाइनीवर आणखी तीन घरं आहेत आणि तिन्ही घरांना माझ्या प्रकृतीची फार काळजी. पत्र बरं. कितीही बोललं तरी तिकीट तेवढंच लागतं.

मुद्द्याचं लिहिते. तुमच्या माहेरच्या चर्चच्या अंगणात यंदा गाड्यांच्या इंजिन-हीटरसाठी विजेच्या प्लगचे खांब बसवायचं आमच्या महिला मंडळाने ठरवलं आहे. तुम्ही हसाल. तुमच्या गाडीच्या तोंडातून आता वायर लोंबत नाही, मला ठाऊक आहे. पण जन्म इथलाच, तेव्हा विसरल्याचं सोंग करू नका. रात्रभर घरी गाडी प्लगला लावलेली असते, इंजिन कोमट राहतं, सकाळी किल्ली फिरवली की चालू. मग आम्ही चर्चला येतो आणि तीच गाडी उपासना संपेपर्यंत उघड्यावर उभी करतो. तोवर इंजिनातलं तेल थिजलेल्या मधासारखं होतं. म्हणून पुरुषांनी रीत काय पाडली आहे, तर फादर सेवेरिन प्रवचनाला उभे राहिले की एकेक जण टोपी उचलतो आणि गाडी चालू करायला बाहेर. फादर उपदेश करतात तो बायकांना आणि भिंतीवरच्या संतांना. संतांना त्याची गरज नाही आणि बायकांना तो पाठ आहे.

त्यात तुमचे दोघे बंधुराज सगळ्यांच्या पुढे. सहा वर्षं झाली, मामंजींचं मळणीयंत्र इल्को भाऊजींनी न विचारता भंगारात दिलं त्याला. ते यंत्र आमचे हे पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्त करणार होते. यांचा तो पुढचा उन्हाळा मी लग्न होऊन आले तेव्हापासून अजून उजाडलेला नाही. पण राग मात्र वेळेवर आला. तेव्हापासून एकमेकांशी शब्द नाही. मधे एक रस्ता, इकडे आम्ही, तिकडे ते.

गेल्या हिवाळ्यात फादर मुद्दाम क्षमेवर बोलले, एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा ज्यांनी ऐकायचं ते दोघे बाहेर. आणि बाहेर काय चालतं? इल्को भाऊजींची गाडी सुरू होत नाही. एकाही रविवारी होत नाही. एवढी जमीन, मागे ना बायको ना पोर, पण नवी बॅटरी घ्यायला जीव होत नाही. मग हे आपला ट्रक त्यांच्या गाडीच्या नाकासमोर नाक लावून उभा करतात, एका बॅटरीपासून दुसरीला जोडतारा लावतात आणि गाडी उठवून देतात. सगळं मुकाट्याने, हातमोजे न काढता. यांच्या मोज्यांचं तर विचारूच नका. दफनभूमीत क्रूसाची खूण करतात तीसुद्धा मोजा घालूनच. थंडीत उघडा हात यांनी देवालाही कधी दाखवला नाही.

माझा हिशेब सरळ आहे. प्लग आले की गाड्या गरम राहतील. बाहेर जायला निमित्त उरणार नाही. दोघे एका छपराखाली बसून क्षमेचं प्रवचन ऐकतील आणि यंदा नाताळच्या आदल्या संध्याकाळी इल्को भाऊजी आमच्या टेबलाशी बसतील. मी दर वर्षी बारा पदार्थ रांधते आणि रस्त्यापलीकडच्या खिडकीत एक माणूस एकटा डब्यातलं सूप गरम करताना बघते. तो घास माझ्या घशाखाली उतरत नाही, वन्सं.

बटाटा भरलेल्या पिरोही उकडून विकून मंडळाने बरीचशी रक्कम उभी केली आहे. थोडी कमी पडते. पुढचं तुम्हाला कळतं, तुम्ही काही लहान नाही.

तुमची,
डोकिया

•

व्हिक्टोरिया
१५ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. डोकियास अनेक आशीर्वाद.

गुलाब ऑक्टोबरात संपतात. नोव्हेंबरात इथे पाऊस असतो, आणि तो तुझ्या पत्रांसारखा आडून आडून लागतो.

सोबत चेक आहे. माझं नाव कुठल्याही खांबावर घालू नका. मेल्यावर माझ्या नावाचा दगड उभा राहणारच आहे, जिवंतपणी प्लग नको.

तुझा हिशेब वाचून करमणूक झाली. म्हणजे माझे भाऊ प्रवचन ऐकून सुधारणार. आमचे बाबा जन्मभर पहिल्या बाकावर बसले, एक शब्द चुकवला नाही, आणि शेवटपर्यंत शेजाऱ्याच्या गायीशीसुद्धा बोलले नाहीत, कारण ती शेजाऱ्याची होती. पण तुझ्या श्रद्धेपुढे मी कोण बोलणार? मी तर आता वर्षातून दोनदा चर्चला जाणारी.

आता एक गोष्ट लिहिते, ती मी तुला लिहिलीच नाही असं समज. इल्कोचं पत्र आलं आहे. एप्रिलात जमिनीचा लिलाव करून तो कायमचा माझ्याकडे यायचं म्हणतो. मागच्या खोलीत राहील. तुझ्या नवऱ्याला, नेस्टरला, कळता कामा नये, अशी अट आहे. तू नेस्टर नाहीस, तेव्हा मी अट मोडली असं कुणी म्हणू शकत नाही. तू मात्र मोडू नकोस.

तो आला तर मला हवंच आहे. घरात दुसरं कुणी खोकलं तरी बरं वाटेल. पण सख्ख्या भावाशी न बोलता तो माणूस इथे आला, तर माझ्याशी तरी काय बोलणार आहे? खिडकीत बसून दोघं पाऊस बघू. तेव्हा तुझे खांब, तुझं प्रवचन, तुझे बारा पदार्थ, काय असेल ते लवकर कर. तुझ्याकडे बर्फ वितळेपर्यंत वेळ आहे.

स्टेफानिया

•

झोरिया
११ डिसेंबर १९७८

ती. वन्संना सप्रेम नमस्कार.

चेकबद्दल मंडळाच्या वतीने आभार. चेकसोबतच्या वाक्यांबद्दल माझ्या वतीने.

तुमची बातमी वाचून दोन दिवस हात चालेना. मग म्हटलं, प्रभूने खांब वेळेवर सुचवले ते याचसाठी. दक्षिणेकडच्या कुंपणाला ओळीने उभे राहिले आहेत. इतके देखणे की फादरांनी त्यांच्यावर पवित्र जल शिंपडलं आणि ते तिथेच गोठलं. गाड्या येतात, वायर लावतात, आणि पुरुषमंडळी निमूटपणे आत येऊन बसतात. काल पहिल्यांदा मी चर्चमध्ये प्रवचनाच्या वेळी माणसं घोरताना ऐकली. नाहीतर आजवर तो आवाज फक्त घरी.

फादर सेवेरिन तर बहरले आहेत. पूर्वी त्यांना काळजी असायची, फार लांबवलं तर निम्मी कुटुंबं अंगणात अडकतील. आता तो धाक उरला नाही. काल ते आदामापासून निघाले आणि उपासनेची वेळ टळून गेली तरी जेमतेम नोहापर्यंत पोचले. टेक्ला मावशी मला म्हणाल्या, “डोकिया, तुझा खांब आमच्या मुळावर आला.” त्यांचं वय झालं आहे, मी मनावर घेतलं नाही.

तुमचे बंधू दोघेही हजर. इल्को भाऊजी उजवीकडे छताकडे बघत, हे डावीकडे डोळे मिटून. मधे मोकळी वाट आणि परमेश्वर. त्याआधीच्या रविवारी फादर पुन्हा क्षमेवर बोलले, माझ्याकडे बघून खूण केल्यासारखं करत. त्यावर यांनी घसा खाकरला. मला वाटलं, विरघळले. घरी आल्यावर म्हणाले, “आत फार उकडतं.”

एक मात्र झालंय. उपासना संपली की आता अंगणात कुणी थांबत नाही. गाड्या पहिल्याच फिरकीला सुरू होतात, वायर गुंडाळली की गेले. इल्को भाऊजींची ती मरतुकडी गाडीसुद्धा प्लगच्या पुण्याईने ठणठणीत सुरू होते. काल ती दोघं सगळ्यांच्या आधी फाटकाबाहेर पडली, म्हणजे भाऊजी आणि गाडी. पण सुरुवात आहे. धीर धरला पाहिजे.

तुमची,
डोकिया

•

व्हिक्टोरिया
२७ डिसेंबर १९७८

चि. सौ. डोकियास आशीर्वाद.

तुमचा जुन्या पंचांगाचा नाताळ अजून यायचा आहे. इथल्या लोकांचा झाला. शेजारणीने मला एक वाळका केक दिला, मी तिला तुझ्या पत्रातले विनोद सांगितले. तिला ते विनोद आहेत हे कळलं नाही, पण तुलाही कुठे कळलंय.

डोकिया, तू मॅट्रिक झालीस, मंडळाचे हिशेब बघतेस, पै इकडची तिकडे होऊ देत नाहीस. मग हे मला समजावून सांग. मी दोन वर्षांपूर्वी शरदात आले होते, आठवतं? तेव्हा इल्को मला घेऊन शहरात गेला होता आणि त्याने बॅटरी घेतली होती. दुकानातली सगळ्यांत महागडी. दुकानदार म्हणाला, बर्फात पुरून ठेवलीत तरी वसंतात ठिणगी देईल. मी शेजारी उभी होते, माझ्या मांडीवर ठेवून ती घरी आणली, माझ्या कोटाला तिचा डाग आहे. आणि तू लिहितेस की गेल्या हिवाळ्यात एकाही रविवारी त्याची गाडी सुरू झाली नाही.

तेव्हा एक तर तो दुकानदार लबाड, नाही तर माझा भाऊ. दुकानदार मला तसा वाटला नाही.

दुसरी गोष्ट. इल्को एप्रिलपर्यंत थांबत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीला येतो म्हणतो, आगगाडीचं तिकीटही काढलंय, लिलावाचं लिलाववाले बघतील. कारण काय, तर लिहितो, “इथे आता रविवार फार लांब झाले.” मला आधी वाटलं, फादरांबद्दल म्हणतोय. आता नक्की सांगता येत नाही. बाहेर अंगणात ते दोघे नेमकं काय करायचे, हे तू नेस्टरला कधी विचारलंस का? की खांबच बसवलेस?

स्टेफानिया

•

झोरिया
८ जानेवारी १९७९

ती. वन्संना नाताळच्या शुभेच्छा. ख्रिस्त जन्मला आहे.

तुमचं पत्र आलं ते मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि परवा संध्याकाळपर्यंत तोंड मिटून होते. परवा हे नाताळच्या रीतीप्रमाणे टेबलाखाली गवत पसरायला वाकले होते. उभे असले की हे उत्तर न देता निघून जातात, म्हणून मी वाकण्याची वेळ साधली.

म्हटलं, “इल्को भाऊजींची बॅटरी नवी आहे म्हणे.”

“माझ्यापेक्षा चांगली आहे,” टेबलाखालून आवाज आला.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“बॉनेट उघडलं की दिसतेच ना. आंधळा आहे का मी?”

“मग दर रविवारी तारा कशाला लावत होतात?”

यांनी कोपऱ्यातलं गवत सारखं केलं. मग म्हणाले, “तो बॉनेट उघडून उभा राहायचा. मग मी तारा काढायचो.”

“आणि बोलायचात काय?”

“बोलायचं काय त्यात. तो म्हणायचा, ‘दे.’ मी म्हणायचो, ‘थांब.’ मग तो म्हणायचा, ‘पुरे.’” मग पुढे, “गेल्या मार्चात एकदा म्हणाला, ‘वारा फिरलाय.’”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हणालो, ‘हं.’ पुढच्या हिवाळ्यात मीही काहीतरी बोललो असतो.” टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झटकले. “पुढच्या हिवाळ्यात तुम्ही खांब बसवलेत.”

वन्सं, मी तुम्हाला खरं सांगते, मला हसावं की त्या गवतात तोंड खुपसावं कळेना. सहा वर्षांत तुमच्या दोघा भावांनी जेमतेम चार शब्दांचा पूल बांधला होता, आणि मी महिला मंडळाचा ठराव करून, बहुमताने, अनुमोदनासह तो पाडला.

मी म्हटलं, मग आताही भाऊजींची गाडी बंद पडू शकते की. तर मलाच वेड्यात काढलं. प्लगला लावलेली गाडी चारचौघांत बंद पडली तर लोक म्हणतील गॅरेजात ने. त्यात भावाचं काय काम?

मग तुमची अट मी मोडली. तुम्ही मोडली नव्हतीत तशीच. म्हटलं, भाऊजी फेब्रुवारीच्या अखेरीला कायमचे चाललेत. यांनी फक्त विचारलं, “आगगाडीने?” आणि दिव्याची वात बघायला लागले. आमच्याकडे वीज आली त्याला तीस वर्षं होतील, तरी नाताळला हे दिवा लावतात आणि अडचणीत आले की त्याची वात बघतात.

जेवायला बसलो. रिकामं ताट मांडलं होतं, रीतीप्रमाणे, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. समोर खिडकीत एक जिवंत माणूस सूप ढवळत होता. यांनी ताटाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि गव्हाची गोड कुटिया मागून घेतली. दोनदा. दुःखाने भूक मरते म्हणतात, ती दुसऱ्यांची.

आता विचारते ते नीट वाचा. खांबांचा खटका चर्चच्या तळघरात भट्टीशेजारी आहे. तळघरात स्वयंपाकघर, म्हणून किल्ली मंडळाकडे, म्हणजे माझ्या खिशात. एखाद्या कडाक्याच्या रविवारी प्रवचन सुरू होताना तो खटका खाली पडला, तर उपासना संपेपर्यंत सगळी इंजिनं गार होतील. मग तारा निघतील, नाकाला नाकं लागतील, अंगणात माणसं थांबतील. हे पाप आहे का? फादरांना विचारायची सोय नाही, कारण प्रवचन त्यांचंच.

तुमची,
डोकिया

•

व्हिक्टोरिया
१९ जानेवारी १९७९

डोकियास आशीर्वाद.

पाप-पुण्याचं मला विचारतेस म्हणजे तुझी वेळ खरंच वाईट आहे.

खांबांत माझाही पैसा आहे. त्या हिश्श्यापुरता खटका खाली पाडायला माझी संमती आहे. बाकीच्या खांबांचं देवाशी तू बघून घे.

मी मागच्या खोलीला पडदे लावले. निळे. इल्कोला निळा आवडायचा, निदान सात वर्षांचा असताना. गादी नवी घेतली. हे तुला घाई व्हावी म्हणून लिहीत नाही. मला तो यायला हवा आहे आणि तू त्याला अडवावंस असंही वाटतं. या वयात माणसाला एकाच वेळी दोन्ही वाटू शकतं, तू अजून तरुण आहेस, अठ्ठावन्नची.

खाली जाताना जिना सांभाळ. तिसरी पायरी आमच्या लहानपणापासून सैल आहे.

स्टेफानिया

•

झोरिया
१२ फेब्रुवारी १९७९

ती. वन्संना सप्रेम नमस्कार, आणि प्रभूचे अनंत आभार. आभार का, ते क्रमाने सांगते, मधेच शेवट वाचू नका.

काल उणे चाळीस होतं. सरकारने फॅरनहाइटचं सेल्सिअस केलं, सगळी मापं बदलली, पण उणे चाळीस जुन्या मापातही तेवढंच निघतं. तेवढं एक त्यांना बदलता आलं नाही.

फादर प्रवचनाला उभे राहिले. मी पिरोहींच्या पाण्याचं निमित्त करून खाली गेले. तिसरी पायरी अजून सैलच आहे. खटक्याला हात लावला, डोळे मिटले, आणि डोक्यावरच्या फळ्यांतून टेक्ला मावशींचा खोकला ऐकू आला. एवढ्या थंडीत ती म्हातारी बंद गाडीत कुडकुडत बसली तर? दोन भावांना बोलतं करायला मी म्हातारी थिजवणार? हात निघाला. मी खटक्याची क्षमा मागितली आणि वर आले. तुमच्या वहिनीचं बंड एवढंच. हसा.

वर येताना बाहेरचा दरवाजा आपटल्याचं ऐकलं. पाहते तर यांची जागा रिकामी. बऱ्याच वेळाने आले, नाक लाल, दोन्ही हात काखेत. कानात म्हणाले, प्लग नीट बसलाय का बघायला गेलो होतो. म्हटलं, प्रवचन सोडून प्लगची एवढी काळजी, खांबांनी तुम्हाला भलतंच भक्त केलं.

उपासना संपली. सगळ्यांच्या गाड्या सुरू झाल्या. सगळ्यांच्या, वन्सं, मी काहीच केलं नव्हतं ना. टेक्ला मावशींची लेक गेली, फादरांची गाडी गेली. इल्को भाऊजी वायर गुंडाळत होते. आणि आमचा ट्रक? यांनी किल्ली फिरवली, नुसती टक्. पुन्हा फिरवली, तेवढंही नाही. प्लगला लावलेला, रात्रभर घरी गरम केलेला, माझ्या संसारात एकदाही दगा न दिलेला ट्रक मेल्यासारखा गप्प. मी तिथल्या तिथे ओळखलं. मला जे जमलं नाही ते देवाने आपल्या हातांनी केलं. एवढ्या गाड्यांत नेमकी आमची.

हे खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि उभे राहिले. नुसते उभे. कुणाला हाक नाही, काही नाही. अंगण रिकामं होत चाललं. इल्को भाऊजींची गाडी फाटकापर्यंत गेली. मी काचेला नाक लावून त्या दिव्यांकडे बघत होते. लाल दिवे लागले. गाडी थांबली. मग मागे यायला लागली.

नाकासमोर नाक लागलं. भाऊजी माझ्या खिडकीशी आले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, “वहिनी, इथे गोठशील. माझ्या गाडीत बस, हीटर चालू आहे.” बसले. पण समोर दोन्ही बॉनेटं उघडी, पलीकडे काय चाललंय दिसेना, आणि पंख्याच्या घरघरीत ऐकूही येईना. दिसत होती ती फक्त बॉनेटच्या वर उठणारी वाफ. डावीकडून एक फुसका. बराच वेळ काही नाही. उजवीकडून एक. मग डावीकडून दोन. मी माळ काढली आणि जपायला लागले. तुम्हाला खोटं वाटेल, पण माळ अर्धी झाली तेव्हा दोन्हीकडून एकदमच वाफ यायला लागली, धुरांड्यासारखी. कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय, काही पत्ता नाही. बहुधा ऐकत कुणीच नव्हतं. तुमच्या घराण्याची ती रीत मला ठाऊक आहे.

ट्रक सुरू झाला. भाऊजी आमच्यामागोमाग आले आणि आमच्या अंगणात वळले. मी कोबीचे गुंडाळे गरम केले. निम्मं जेवण होईस्तोवर ताटांचाच आवाज. मग हे म्हणाले, “ते यंत्र तसंही चाललं नसतं.”

भाऊजी म्हणाले, “त्याच्यावरची पितळी पाटी मी काढून ठेवलीय. तुझ्यासाठी. तू विचारलंच नाहीस.”

“विचारणार कसं? तू बोलत नव्हतास.”

“मी? तू बोलत नव्हतास.”

आणि जुंपली. वन्सं, इतकं सुंदर भांडण मी या घरात ऐकलं नव्हतं. दोघेही लाल झाले, भाऊजींनी टेबलावर मूठ आपटली, आणि मी कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत आणखी गुंडाळे वाढत होते.

आगगाडीचं काय, ते मी विचारलं नाही. देवाने एवढं केलं, लगेच आणखी मागणं बरं दिसत नाही. यांच्या दोन बोटांची टोकं मात्र पांढरी पडली आहेत. मी हंसाची चरबी चोळली आणि विचारलं, मोजे असताना बोटं गारठली कशी? म्हणाले, तारा धरल्या होत्या. खोटं कशाला बोलतील.

फादरांना चमत्कार सांगायचा का, याचा विचार करते आहे. आभाराची मेणबत्ती लावली, मोठी.

तुमची,
डोकिया

•

व्हिक्टोरिया
२६ फेब्रुवारी १९७९

चि. सौ. डोकियास आशीर्वाद.

इल्कोने तिकीट परत केलं. लिलाव रद्द. म्हणतो, यंदा पेरणी नेस्टरबरोबर करून बघतो, नाही जमलं तर पुढच्या वर्षी येईन. आमच्या घरातलं पुढचं वर्ष म्हणजे काय, ते तू मला पहिल्याच पत्रात समजावलं आहेस. निळे पडदे छान दिसतात. त्या खोलीत मी आता इस्त्री करते.

चमत्काराबद्दल. फादरांना सांगण्याआधी इल्कोच्या पत्रातलं हे वाच, किंवा नको वाचूस, फादरांना आणखी एका तासाचा मजकूर मिळेल.

इल्को लिहितो, फाटकापाशी त्याने आरशात पाहिलं तर नेस्टर बॉनेट उघडून उभा, तारा न काढता. तो म्हणतो, सहा वर्षं मी असाच उभा राहायचो, मला ते उभं राहणं ओळखू येतं. म्हणून तो मागे आला. वाकून पाहतो तर बॅटरीची एक वायर खुंटीवरून काढून शेजारी नीट ठेवलेली. तुटलेली नाही, सैल झालेली नाही. पकडीने सोडवून, बाजूला ठेवलेली. इल्कोने वर पाहिलं. नेस्टर खांबांकडे बघत होता. तेव्हा इल्को तुझ्या बाजूला पाठ करून उभा राहिला, वायर परत बसवली, आणि मग दोघांनी उगाचच जोडतारा लावून ठेवल्या. इल्को म्हणाला, “बॅटरी उतरलेली दिसते.” नेस्टर म्हणाला, “जुनी झालीय.” पुढचं तू वाफेत मोजलंसच.

तेव्हा तुझ्या देवाच्या हातात पकड होती, आणि प्रवचन सोडून बाहेर गेलेला देव तुझ्याच शेजारी येऊन बसला होता. मेणबत्तीचे पैसे मंडळाच्या खात्यात दाखवू नकोस.

मी बरी आहे. पाऊस आहे.

स्टेफानिया

•

झोरिया
९ मार्च १९७९

ती. वन्संना सप्रेम नमस्कार.

तुमच्याच पत्राच्या कोऱ्या पाठीवर लिहिते आहे. कागद चांगला होता, वाया कशाला घालवायचा?

ईस्टरला तुम्ही इकडे या. विनंती करत नाही, कळवते आहे. दोघे भाऊ तुम्हाला घ्यायला स्टेशनवर येणार आहेत, एकाच ट्रकमधून, आणि कुठल्या रस्त्याने यायचं यावरून आत्तापासून भांडताहेत. इस्त्री इथेही आहे.

पितळी पाटी यांनी गोठ्याच्या दारावर ठोकली. फादर प्रवचनाला उभे राहिले की हे दोघे पुन्हा बाहेर जातात, प्लग नीट बसलेत का बघायला. फादरांनी मला विचारलं, प्लग दर रविवारी कसे काय सैल होतात? म्हटलं, खांब नवीन आहेत, फादर, थोडा वेळ लागेल.

मेणबत्ती मंडळाच्या खात्यात नाही, माझ्या घरखर्चात घातली आहे, आणि ती मागे घेणार नाही. वायर काढलेली होती, सोडवून ठेवलेली होती, सगळं वाचलं मी. पण तुम्हीही बॅटरी मांडीवर घेऊन बसलेल्या आहात. खुंटीवरची ती वायर जाड हातमोज्यातून सोडवता येते का, सांगा.

उणे चाळीस होतं, वन्सं. तुमच्या भावाने मोजा काढला. याला चमत्कार म्हणायचं नाही तर दुसरं काय म्हणतात तिकडे?

तुमची,
डोकिया